दप्तराबाहेरचे पडणे

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माणसाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली एक जाड फाईल असते. गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा अहवाल, सीटी स्कॅनच्या फिल्मा, दर खेपेस काढलेल्या रक्ताचे दाखले, उंची आणि वजन, त्या दोहोंवरून काढलेले शरीराचे पृष्ठफळ आणि त्या पृष्ठफळाच्या हिशेबाने ठरविलेली औषधाची मात्रा, असा सारा तपशील तीत तारीखवार लावलेला असतो. केमोथेरपीच्या (केमोच्या) कोणत्या सायकलनंतर, म्हणजे फेरीनंतर, उलट्या किती झाल्या, तोंड आले काय, ताप भरला काय, याचीही नोंद तेथे सापडते. परंतु हा मनुष्य गेल्या महिन्यात घरात, मोरीत, जिन्यावर किंवा रस्त्यात कोठे पडला काय, ह्या प्रश्नासाठी त्या दप्तरात बहुधा रकानाच नसतो. डॉक्टरांनी विचारलेले नसते, म्हणून रुग्णाने सांगितलेले नसते. आणि रुग्ण सांगत नाही म्हणून विचारण्याचे कारण डॉक्टरांना जाणवत नाही. ह्या दुहेरी मौनात एक गोष्ट वर्षानुवर्षे दडून राहिली आहे, ती अशी की, ह्या रुग्णांचे पडणे हा पुष्कळदा नशिबाचा फेरा नसून उपचारांचाच एक परिणाम असतो, आणि केस गळण्याची किंवा उलट्यांची सूचना जशी आगाऊ दिली जाते तशी त्याचीही सूचना देणे, विचारपूस करणे आणि बंदोबस्त करणे शक्य असते.

वार्धक्यातील पडण्याचा अभ्यास वैद्यकाने बराच केला आहे. अमेरिकेतील डॉ. मेरी टिनेटी यांनी ७५ वर्षे वा त्यापुढील ३३६ वृद्धांची वर्षभर पाहणी करून तिचे निष्कर्ष १९८८ साली प्रसिद्ध केले. त्या वर्षात सुमारे एकतृतीयांश वृद्ध एकदा तरी पडले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राणास मुकतात; अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रम लागतो. आता ह्या आकड्यांच्या शेजारी आयर्लंडमधील एक पाहणी ठेवून पाहावी. पुढच्या अवस्थेतील कर्करोगाच्या १८५ प्रौढ रुग्णांवर तेथील संशोधकांनी सहा महिने लक्ष ठेवले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालाप्रमाणे ह्या अवधीत त्यांतील ९३ जण, म्हणजे निम्म्याहून किंचित अधिक, पडले. एकीकडे वर्षात एकतृतीयांश आणि दुसरीकडे अर्ध्या वर्षात अर्धे, हे अंतर तर मोठे आहेच; पण त्याहून महत्त्वाचे हे की, पडणाऱ्यांत केवळ म्हातारी माणसे नव्हती. पंचावन्न वर्षांचा हिंडताफिरता गृहस्थ आपणास पडणाऱ्यांत धरीत नाही, त्याचे कुटुंबीयही धरीत नाहीत, आणि तेथेच घात होतो.

असे का व्हावे, याचे उत्तर शोधू लागले म्हणजे वाट प्रथम आपल्या अंगणात येऊन पोहोचते. सदाफुलीचे झाड महाराष्ट्रात ज्याने पाहिले नाही असा मनुष्य विरळा. देवपूजेला बारमाही फुले देणारे, पाणी न घातले तरी तगणारे, कुंपणाच्या कडेला आपोआप उगवणारे हे झुडूप मधुमेहावरचे घरगुती औषध म्हणून आपल्याकडे मानले जाते. जमेकातही तीच समजूत होती, आणि तेथून आलेली पाने कॅनडातील रॉबर्ट नोबल यांच्या प्रयोगशाळेत तपासली गेली, ती साखर उतरते काय हे पाहण्यासाठी. साखर उतरली नाही; पण प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन वेगळे केले, आणि पाठोपाठ त्याच वनस्पतीतून व्हिनक्रिस्टिन हाती आले, ज्याला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. लहान मुलांच्या रक्तकर्काच्या उपचारांत जी क्रांती पुढे झाली तीत ह्या औषधाचा वाटा फार मोठा आहे.

दुसरे औषध पॅक्लिटॅक्सेल, आणि त्याच्या शोधाशी आपला संबंध ह्याहून जवळचा आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील अरण्यातल्या यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाची साल १९६२ साली तपासणीसाठी गोळा करण्यात आली, आणि उत्तर कॅरोलायनातील संशोधन संस्थेत मन्रो वॉल व मनसुख वाणी ह्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यातील गुणकारी द्रव्य वेगळे करून त्याची रचना १९७१ साली जगापुढे मांडली. हे मनसुख वाणी १९२५ साली खानदेशातील नंदुरबारास जन्मले आणि मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून परदेशी गेले. स्तनांच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाने ग्रासलेल्या असंख्य स्त्रियांना ह्या औषधाने आयुष्य दिले आहे, आणि ज्याच्या शोधात खानदेशच्या एका सुपुत्राचा हात आहे त्या औषधाची नावाजणी महाराष्ट्रात अजून म्हणावी तितकी झालेली नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

ही दोन्ही औषधे पेशीच्या आतील ज्या सूक्ष्म नलिकांवर काम करतात, त्या नलिकांच्या साह्यानेच पेशी दुभंगून तिच्या दोन पेशी होतात. व्हिनक्रिस्टिन त्या नलिका बांधू देत नाही, आणि पॅक्लिटॅक्सेल बांधलेल्या नलिका सुटू देत नाही, ही दुसरी गोष्ट १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवून दिली. परिणाम एकच: वाढणारी गाठ थांबते. परंतु ह्याच नलिका मज्जातंतूंमध्ये वेगळ्या कामी येतात. तळपायाच्या कातडीतील स्पर्श ज्या तंतूने मेरुदंडाकडे पोहोचतो त्या तंतूची मूळ पेशी कमरेत असते, आणि तिचा धागा अंगठ्याच्या टोकापर्यंत सुमारे एक मीटर लांब जातो. ह्या धाग्याला लागणारे सर्व पोषण कमरेत तयार होऊन ह्या नलिकांच्या रुळांवरूनच टोकापर्यंत जावे लागते. रूळ उखडले गेले की सर्वांत आधी उपासमार होते ती सर्वांत दूरच्या ठाण्याची, म्हणजे पायाच्या बोटांची. म्हणूनच मुंग्या प्रथम बोटांच्या टोकांना येतात, मग तळव्याला, मग मोजे घालावेत तितक्या भागाला. आणि पुष्कळ पुढे गेल्यावर हातांनाही. सिसप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधे तर त्या कमरेतील मूळ पेशीलाच इजा करतात, आणि त्यांचा एक विशेष असा की, शेवटची सायकल संपून रुग्ण घरी परतल्यानंतरही काही महिने बधिरता वाढतच राहते. औषध थांबले, आता पाय सुधारतील, ह्या भरवशावर जो निर्धास्त झाला, तोच ह्या काळात पडतो.

ह्या बधिरतेचे स्वरूप प्रत्यक्ष पाहावयाचे असेल तर ते फिजिओथेरपीच्या खोलीत पाहावे. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका स्तनाच्या कर्करोगासाठी मुंबईत लालबागला आपल्या भाचीकडे राहून दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल घेत होत्या. मोरीत त्या पडल्या होत्या, मनगट सुजले होते, आणि त्यांनी घरात सांगितले होते ते एवढेच की, पाय घसरला. फिजिओथेरपिस्ट मुलगी जेमतेम पंचविशीची. तिने बाईंना खुर्चीवर बसविले, त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा दोन बोटांच्या चिमटीत बाजूने धरला आणि म्हणाली, "बाई, आता डोळे मिटा. मी अंगठा हलवीन. तो वर आहे की खाली, एवढंच सांगा." अंगठा वर गेला. बाई म्हणाल्या, "खाली." पुन्हा वर गेला. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "अजून हलवला नाहीस ना?" मग तिने कंपन करणारा धातूचा चिमटा हातावर आपटून घोट्याच्या हाडावर टेकविला, त्याची थरथर माझ्या बोटाला स्पष्ट लागत होती, आणि बाईंना ती गुडघ्याखाली मधल्या हाडावर लागेपर्यंत कळलीच नाही. शेवटी तिने त्यांना उभे केले, पावले जुळवायला सांगितली, स्वतःचे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांभोवती वर्तुळ करून धरले आणि पुन्हा डोळे मिटायला सांगितले. डोळे उघडे होते तोवर बाई सरळ उभ्या होत्या. डोळे मिटताच त्या तिच्या हातांत कलल्या. "मोरीत काय करत होतात तुम्ही?" तिने विचारले. "तोंड धूत होते," बाई म्हणाल्या, "साबण लावला होता." फरशी कोरडी होती काय, हे विचारल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि ती कोरडी होती असे सांगितले.

ह्या तपासणीची मूळ रीत जर्मन वैद्य मॉरित्झ रॉमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती शंभर-दीडशे वर्षांहून जुनी आहे. मनुष्य उभा राहतो तो तिघांच्या भरवशावर: डोळे, आतील कान आणि पायांतून येणारी खबर. तिघांतील एक गेला तरी उरलेल्या दोघांवर निभते. पण ज्याच्या पायांची खबर आधीच बंद पडली आहे त्याचे डोळेही मिटले, किंवा दिवा मालवला गेला, म्हणजे तो केवळ कानावर उभा राहू शकत नाही. आंधळ्या कोशिंबिरीचा हा प्रकार आपल्या घरांत दिवसातून कितीदा होतो, हे मोजून पाहण्यासारखे आहे. तोंडाला साबण लावताना, डोक्यावरून पाणी घेताना, सदरा डोक्यातून काढताना, देवापुढे डोळे मिटून उभे राहताना, आणि वीज गेल्यावर. तरुण फिजिओथेरपिस्टने बाईंना सांगितलेला पहिला उपाय असा की, तोंड धुवायचे ते बसून, आणि एक हात भिंतीला टेकवून.

चपलेची खूण आपल्याकडे ह्याहून सोपी आहे. पायांत चप्पल आहे की निसटली हे पाहिल्याशिवाय ज्याला कळत नाही, दहा पावले पुढे गेल्यावर कोणी हाक मारून सांगितले म्हणजे ज्याला एक चप्पल मागे राहिल्याचे समजते, त्याच्या पायांची खबर गेली असे निःशंक समजावे. "गादीवरून चालल्यासारखं वाटतं" असे रुग्ण म्हणतात; "पायाखाली कापूस आहे" असेही म्हणतात. हे अलंकारिक बोलणे म्हणून सोडून देऊ नये, कारण ते तपासणीइतकेच विश्वसनीय आहे. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये कर्करोगातून वाचलेल्या ५१२ स्त्रियांची जी पाहणी झाली आणि २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत निदानानंतर सरासरी सहा वर्षांनीही ४७ टक्के स्त्रियांच्या पायांत ही लक्षणे टिकून होती, आणि ज्यांना ती होती त्यांचे पडण्याचे प्रमाण इतर स्त्रियांच्या १.८ पट होते. उपचार संपल्यावर इतक्या वर्षांनी कोण कोणाला विचारणार की, तुमचे पाय कसे आहेत?

मज्जातंतूंचा हा भाग विस्ताराने सांगितला, कारण तो सर्वांत कमी ओळखीचा आहे; बाकीची कारणे त्यामानाने उघड आहेत, जरी ती कमी घातक नसली तरी. लिम्फोमाच्या उपचारांत पाच दिवस दिले जाणारे स्टिरॉइड किंवा मायलोमात आठवड्याला दिले जाणारे डेक्सामेथासोन मांड्यांचे स्नायू क्षीण करते, आणि जो मनुष्य सपाट रस्त्यावर मैलभर चालतो त्याला भारतीय पद्धतीच्या संडासातून उठता येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिन उतरले, उलट्याजुलाबांनी अंगातील पाणी गेले, म्हणजे उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. ह्याच्या मुळाशी पुष्कळदा एक अत्यंत साधी चूक असते, आणि ती दाखवून देण्यास मी येथे थांबतो. कर्करोग होण्याआधी दहा वर्षे रक्तदाबाची जी गोळी चालू होती ती तशीच चालू राहते. मध्यंतरी रुग्णाचे वजन बारा किलोंनी घटलेले असते, जेवण निम्म्यावर आलेले असते, आणि रक्तदाब मुळातच उतरलेला असतो. ती गोळी हृदयाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली म्हणून कर्करोगाचे डॉक्टर तिला हात लावीत नाहीत, आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जाण्याची सवड आता कोणाला नसते. आडवे असताना एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा एकदा रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला तर त्या गोळीची मसलत त्याच दिवशी व्हावी, एवढा सोपा हा इलाज आहे. झोपेच्या गोळ्या, वेदनाशामक मॉर्फिन, मुंग्यांसाठी दिलेली प्रिगॅबॅलिन आणि उलट्यांसाठी रात्री दिलेली ओलँझपिन ह्या प्रत्येकीला स्वतंत्र सबळ कारण असते. पण चारही एकाच रात्री पोटात गेल्या म्हणजे पहाटे लघवीस उठलेल्या माणसाचा तोल कोणाच्या हवाली असतो?

पडणे आणि मोडणे ह्यांतील अंतरही ह्या रुग्णांच्या बाबतीत तुटपुंजे असते. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुष संप्रेरक बंद करणारे उपचार, स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन घटविणाऱ्या गोळ्या आणि स्टिरॉइड हे सारे हाडे विरळ करतात; रोग हाडांत उतरला असेल तर ते हाड आतून पोखरलेले असते, आणि खुब्याचे हाड मोडल्यामुळे रुग्ण पडला की पडल्यामुळे ते मोडले, हे कित्येकदा क्ष-किरणाने पाहूनही सांगता येत नाही. त्याहून भयंकर ती प्लेटलेटची गोष्ट. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. केमोनंतर सुमारे सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, ज्याला रुग्ण "काउंट उतरण्याचे दिवस" म्हणतात, त्या काळात हा आकडा पन्नास हजारांच्या खाली, रक्तकर्कात तर दहा हजारांच्याही खाली जाऊ शकतो. एरवी डोक्याला टेंगूळ येण्यावर निभावले असते ते पडणे त्या दिवसांत मेंदूत रक्तस्राव घडवून आणू शकते. म्हणून सर्वांत जास्त जपावयाचे दिवस कॅलेंडरवर आधीच मांडता येतात, आणि घरात ते मांडून ठेवावेत.

रुग्णालयांत ह्याची जाणीव आताशा वाढली आहे, हे आनंदाने नमूद केले पाहिजे. भारतातील रुग्णालयांना दर्जाचा दाखला देणारे राष्ट्रीय मंडळ २००५ साली स्थापन झाले, आणि पडण्याच्या जोखमीची मोजणी ही त्याच्या नियमांमुळे पुष्कळ ठिकाणी नित्याची झाली. ह्या मोजणीसाठी जॅनिस मोर्स ह्या परिचारिका-संशोधक विदुषीने १९८९ साली प्रसिद्ध केलेली सहा प्रश्नांची पट्टी सर्वत्र वापरतात. पूर्वी पडल्याचा इतिहास असल्यास २५ गुण, दुसरा एखादा आजार असल्यास १५, चालताना फर्निचरचा आधार घेत असल्यास ३०, आणि शिरेत सलाईन चालू असल्यास २०. शिवाय चालण्याची ढब आणि मनाची शुद्ध. बेरीज ४५ वर गेली की जोखीम मोठी, असे बहुतेक ठिकाणी समजतात, आणि मग रुग्णाच्या मनगटाला पट्टी बांधतात, पलंगाचे कठडे वर करतात. कर्करोगाच्या वॉर्डात सलाईन नसलेला रुग्ण क्वचित. तेव्हा वीस गुण बहुतेकांच्या पदरी आपसूक पडतात. परंतु रात्री दोन वाजता जनरल वॉर्डात जे घडते ते कोणत्याही पट्टीत मावत नाही. सिसप्लॅटिनबरोबर पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या शिरेतून जात असतात, म्हणून रुग्णाला तासातासाला लघवीस जावे लागते. त्याची बायको दोन पलंगांमधल्या जागेत चादर अंथरून झोपलेली असते, दिवसभर औषधांच्या दुकानापासून रक्तपेढीपर्यंत तिची पायपीट झालेली असते, आणि तिला उठवावे असे त्याच्या मनाला पटत नाही. सिस्टर एक आणि रुग्ण तीस. तो हळूच कठड्याच्या पायथ्याकडून उतरतो, सलाईनचा स्टँड एका हाताने ढकलीत, दुसऱ्या हाताने पायजम्याची नाडी धरीत, झोपलेल्या माणसांना ओलांडीत निघतो. प्रेमाच्या पोटीच हे पडणे घडते, आणि ते टाळावयाचे तर रुग्णाच्या स्वभावाला उपदेश करण्यापेक्षा पलंगाशी लघवीचे भांडे ठेवणे, रात्रीच्या बाटल्या शक्य तर दिवसा संपविणे आणि निजायच्या वेळी मावशींनी प्रत्येकाला एकदा विचारून जाणे ह्यांचाच उपयोग अधिक.

मुंबईत ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्तकर्काने निवर्तल्या, आणि त्यानंतर टाटांच्या विश्वस्तनिधीतून परळला जे रुग्णालय उभे राहिले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, मराठवाडा येथून हजारो रुग्ण तेथे येतात, आणि उपचार महिनोन्महिने चालतात म्हणून त्यांना शहरात राहावे लागते. दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आणि अशा कित्येक संस्था त्यांना आश्रय देतात, ही ह्या शहराची पुण्याई आहे. पण जे रुग्ण ह्यांत सामावत नाहीत ते नातेवाइकांच्या चाळीत, भाड्याच्या खोलीत, काही तर फुटपाथावरच राहतात. परक्या घरात पायऱ्या कोठे आहेत हे पायांना ठाऊक नसते. चाळीचा सार्वजनिक संडास गॅलरीच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून. मोरीला वीतभर उंचीचा कठडा, जो ओलांडताना पाय पुरेसा उचलला गेला की नाही हे बधिर पायाला समजत नाही. बोटे सुन्न झाल्यामुळे हातातील तांब्या निसटतो आणि त्याला सावरताना माणूस जातो. नव्या इमारतींत गुळगुळीत टाइल्स आणि त्यांवर अंथरलेले, आपल्या जागी न टिकणारे पायपुसणे. त्या पायपुसण्याविषयी मी इतकेच म्हणेन की, घरात केमो चालू असेल तोवर ते उचलून ठेवावे.

रुग्ण पडल्याचे का लपवितात, हा प्रश्न मी त्या शिक्षिकाबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर डोस पुढे ढकलला असता. बारांतले नऊ झाले होते." ही भीती निराधार नाही, बधिरता वाढली तर डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा औषध बदलतात, कारण आजमितीस ह्या बधिरतेला उलटविणारे औषध उपलब्ध नाही, आणि वेदना असल्यास ड्युलोक्सेटिनचा थोडाफार उपयोग होतो इतकेच. पण निर्णय घ्यावयाचा तर तो माहितीच्या आधारे व्हावा; बाईंच्या बाबतीत पुढे मात्रा थोडी घटवून उरलेले डोस पूर्ण झाले. त्या मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि दुसरं म्हणजे, मग हिनं मला एकटीला मोरीत जाऊ दिलं नसतं." भाची शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही.

हे दुसरे कारण पहिल्याहून बलवत्तर असते असे माझे मत झाले आहे. पडल्याचे कळताच घरची माणसे मायेने जो हुकूम काढतात तो असतो "आता उठू नका". आणि तो तंतोतंत पाळला गेला तर महिन्याभरात मांड्यांतील उरलेसुरले बळही जाते, आणि पुढच्या खेपेस पडण्याची शक्यता वाढते. शास्त्राचा कौल नेमका ह्याच्या विरुद्ध आहे. वृद्धांवरील शंभरावर प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ साली निघाला, त्यात तोल आणि पायांचे बळ वाढविणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कर्करोगाच्या रुग्णांना व्यायाम बेताने आणि जपून करावा लागतो, हाडांत रोग असल्यास तर तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच. पण भिंतीला हात लावून टाचा उचलणे, हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पायावर क्षणभर उभे राहणे, ह्याला खर्च नाही आणि जागाही लागत नाही. स्वतःची परीक्षाही अशीच घरगुती आहे: खुर्चीवरून उठावे, तीन मीटर चालावे, वळावे, परत येऊन बसावे, बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर डॉक्टरांच्या कानांवर घालावे. १९९१ साली कॅनडात दोघींनी बसविलेली ही चाचणी आहे. तिला घड्याळ आणि खुर्ची ह्यांपलीकडे साधन लागत नाही, आणि केमोच्या वॉर्डाबाहेर तासन्तास रांगेत बसलेल्या माणसांची ती तेथल्या तेथे सहज घेता येईल.

आणि इतके करूनही मनुष्य पडलाच, तर काय करावे? दोन्ही काखांत हात घालून त्याला ओढून उभे करण्याची जी आपली तत्काळ प्रवृत्ती असते ती आवरावी, कारण पोखरलेले हाड ह्या ओढण्यानेच मोडते. प्रथम त्याला जेथे आहे तेथे पडू द्यावे, दुखते कोठे, पाय हलतात काय, हे विचारावे. मग कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग खुर्चीच्या बैठकीला धरून त्याचा तो उठत असेल तर उठू द्यावे. डोक्याला मार बसला असेल आणि काउंट उतरण्याचे दिवस असतील, किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर दुखत नाही ह्या उत्तरावर विसंबून न राहता त्याच वेळी रुग्णालयात न्यावे. शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची. कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरून मज्जारज्जूवर दाब देऊ लागला, की त्याची पहिली वर्दी कधीकधी केवळ पडण्यानेच मिळते. पाठीत काही दिवसांपासून नवे, रात्री वाढणारे दुखणे आहे, दोन्ही पायांतील बळ गेल्यासारखे वाटते, किंवा लघवीवरचा ताबा सुटला आहे, अशा माणसाचे पडणे हे पाय घसरणे समजू नये. दाब वेळीच हटविला, स्टिरॉइड, विकिरण किंवा शस्त्रक्रिया ह्यांपैकी जे योग्य ते झाले, तर जो आपल्या पायांनी चालत रुग्णालयात आला तो बहुधा पुढेही चालतो. ज्याचे पाय आधीच लुळे पडले त्याला ते परत मिळणे कठीण. हा हिशेब दिवसांचा नसून तासांचा असल्यामुळे, रात्रीचे अकरा वाजले असतील आणि बाह्यरुग्ण विभाग उद्या सकाळी उघडणार असेल, तरी टॅक्सी त्याच रात्री बोलवावी.